दहा एकतीस ते दहा बेचाळीस

मंगळवार, ४ मार्च. सकाळी नऊ चाळीसला निशिकांत पोंक्षे, वय बहात्तर, एमआरआयच्या खोलीपाशी आले आणि उंबरठ्यावरच थांबले. दार उघडं होतं, पण आत या असं कुणी म्हणालं नव्हतं.

मधुवंती रेगेने काचेपलीकडून ते पाहिलं आणि मायक्रोफोन चालू करून ती म्हणाली, "या काका, आत या." तेव्हा ते आत आले.

मधुवंती मूळची ठाण्याची. सिंगापूरच्या या रुग्णालयात बारा वर्षं रेडिओग्राफर होती. त्या दिवशी तिची पाळी खरं तर गुडघे आणि मणक्यांच्या यंत्रावर होती. पोंक्षेकाकांसाठी तिला मुद्दाम इकडे बोलावून घेतलं होतं, कारण त्यांचा जानेवारीतला स्कॅन वाया गेला होता. लिव्हरचं चित्र घेताना माणसाला पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो, नाहीतर छातीच्या पडद्याबरोबर लिव्हर वरखाली होतं आणि चित्र फिसकटतं. सूचना यंत्रच देतं, इंग्रजीत, रेकॉर्ड केलेल्या आवाजात. जानेवारीत त्या प्रत्येक सूचनेला काकांनी अदबीने "येस सर" असं उत्तर दिलं होतं. चित्रात गाठीची कड धुरकट आली. कुणी सत्तेचाळीस मिलिमीटर मोजली, कुणी चोपन्न.

आणि सगळं त्या कडेवरच अडलं होतं. काकांना जुनी कावीळ होती, बी प्रकारची. तिने लिव्हर निबर झालेलं, त्यात डिसेंबरमध्ये कॅन्सरची गाठ सापडली. उपाय एकच, लिव्हर बदलणं. मुलगा अभय स्वतःच्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार होता, त्याच्या सगळ्या तपासण्याही जुळल्या होत्या. परंतु या रुग्णालयाची रेघ पाच सेंटिमीटरवर होती. गाठ त्याच्या आत असेल तर शस्त्रक्रिया. त्याहून मोठी असेल तर नाही, कारण मग नव्या लिव्हरलाही ती धरण्याची भीती जास्त. नाही म्हटल्यावर काकांकडे किती दिवस उरतात हे अभयला सांगून झालं होतं. तो बाहेर बसला होता. चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसातून सुट्टी घेऊन आला होता, आणि गळ्यातला ऑफिसचा पास काढायला विसरला होता.

"ताई, बाबांना जरा सांभाळून घ्या," तो मधुवंतीला म्हणाला होता. "ते सांगितलं तेवढंच करतात, पण तेवढं शंभर टक्के करतात. उपाशी राहायला सांगितलं, तर सकाळपासून विचारतायत, थुंकी गिळली तर चालेल का."

मधुवंतीने यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज बंद केला. सूचना ती स्वतः मराठीत देणार होती. काकांना फळीवर निजवून तिने पोटाभोवती श्वास मोजणारा पट्टा बांधला, बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली, हातात रबरी बल्ब दिला. त्रास झाला तर दाबायचा.

"मी म्हणेन, श्वास घ्या. मग म्हणेन सोडा. मग थांबा. मी परत घ्या म्हणेपर्यंत घ्यायचा नाही."

"तुम्ही म्हणेपर्यंत नाही," काका म्हणाले. "आमच्या कारखान्यात असंच होतं. दारूगोळ्याचं काम. दिवा हिरवा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. एकाने लावला. त्याच्या जागेवर मग मला घेतलं."

ते हसले. तीही हसली. फळी आत सरकली.

पहिली चित्रं उत्तम आली. शिरेतून औषध गेलं, त्यानंतरचीही चांगली आली. पडद्यावर पट्ट्याची लाट दिसत होती. मधुवंतीच्या शब्दाबरोबर ती वर जायची, खाली यायची, सपाट व्हायची, पुन्हा चढायची. शेवटची चित्रं औषध दिल्यावर वीस मिनिटांनी घ्यायची असतात. निरोगी लिव्हर तोवर औषध शोषून पांढरंशुभ्र उजळतं, गाठ काळी राहते. त्या काळ्याची कड मोजायची.

दहा एकतीसला ती म्हणाली, "श्वास घ्या. सोडा. पूर्ण सोडा. आता थांबा."

यंत्र घरघरू लागलं. सातव्या सेकंदाला बाहेरच्या प्रतीक्षाकक्षात कुणीतरी धाडकन पडलं. पुढच्या नंबरची पेशंट, हातात सुई घातलेली एक वयस्कर चिनी बाई, खुर्चीवरून कोसळली होती. मधुवंती धावली. शेजारी बसलेली तिची सहकारी रेडिओग्राफर सितीही धावली. सितीला वाटलं स्कॅन संपलाय. मधुवंतीला वाटलं सिती मागे थांबली आहे. दोघी त्या बाईचे पाय वर धरून बसल्या, डॉक्टर आले, रक्तदाब घेतला, स्ट्रेचर आलं. मधुवंती परत खुर्चीत बसली तेव्हा पडद्यावर दहा बेचाळीस झाले होते.

पट्ट्याची रेघ सरळ होती.

तिने मागची नोंद सरकवली. दहा एकतीसपासून रेघ सरळच होती. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, नाडी एकसष्ट. पट्टा घसरला असणार, असं मनाशी म्हणून ती आत गेली. फळी बाहेर घेतली. पट्टा जागच्या जागी होता, घट्ट. काकांचे डोळे उघडे होते. बल्ब हातात तसाच.

"सॉरी काका, बाहेर जरा गडबड झाली. झालं तुमचं. उठा आता."

काका उठले. कपडे बदलून आले. नमस्कार केला आणि अभयबरोबर निघून गेले. बोलले काहीच नाहीत. थकले असतील असं मधुवंतीला वाटलं. पेशंटला यंत्रात एकटं सोडून जाणं ही मोठी चूक होती, आणि त्या दिवशी दुपारभर तिच्या डोक्यात फक्त ती चूक होती.

डॉक्टर गोह यांनी संध्याकाळी पाचला तिला बोलावून घेतलं, ते कौतुक करायला. सोळा वर्षांत लिव्हरचं इतकं स्थिर चित्र आपण पाहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी दोन आकडे दाखवले. दहा पाचच्या चित्रांत गाठ बावन्न मिलिमीटर होती. शेवटच्या चित्रांत चव्वेचाळीस.

एकाच माणसाची एकच गाठ, अर्ध्या तासाचं अंतर. वेगवेगळ्या चित्रांत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. आठचा पडत नाही. गोह यांनी तीन वेळा मोजून पाहिलं होतं. पण विभागाचा नियम सरळ होता, जिथे कड सगळ्यात स्पष्ट तिथे माप घ्यायचं. त्यांनी चव्वेचाळीस लिहिलं. गुरुवारी डॉक्टरांच्या बैठकीत शस्त्रक्रियेला मंजुरी मिळाली. तारीख ठरली पंचवीस मार्च.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी साठवून ठेवली गेली होती, पण ती तेव्हा कुणी उघडून पाहिली नाही. शेवटच्या चित्रांचा संच एकच घ्यायचा होता. यंत्रात सहा होते. मधुवंती परत येऊन बसेपर्यंत, ती खोलीत नसताना, यंत्राने तोच संच पुन्हा पुन्हा घेतला होता. बटण कुणी दाबलं त्याची नोंद नव्हती. मधुवंतीने ते एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाहिले. बावन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस. तिने पडद्यावरची खिडकी बंद केली आणि डबा न खाता परत कामाला लागली.

बुधवारी, १२ मार्चला, तिला फोन आला. अभयची बायको स्मिता. नंबर मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मिळवला म्हणाली. बोलण्यात अवघडलेपण होतं, डॉक्टर नसलेल्या माणसाला विचारतेय याचं. स्कॅनच्या दिवसापासून बाबा बोलत नव्हते. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, काही दोष नाही म्हणाले. बाकी तब्येत उलट सुधारलीच होती. लिफ्ट बंद पडली तेव्हा नऊ मजले चढून आले, आणि धाप म्हणून नाही.

"घोरणंही बंद झालंय," स्मिता म्हणाली. "आधी बाबा झोपले की आमच्या जाईला दुसऱ्या खोलीत अभ्यास करता यायचा नाही. आता मी मधेच जाऊन बघते. म्हणजे, आहेत ना, ते बघते."

मधुवंतीने विचारलं, ते काही खुणा करतात का, लिहून दाखवतात का.

"लिहितात ना. पण एकच लिहितात. त्या बाईंना विचारा. आम्हाला आधी कळेना कोण बाई."

रविवारी दुपारी तीनला ती पासिर रिसला त्यांच्या घरी गेली. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, कॉरिडॉरमध्ये कढीलिंबाची कुंडी, दाराशी चपला नीट जोडीने लावलेल्या. अभयने दार उघडलं. त्याचं वजन उतरलं होतं. शस्त्रक्रियेआधी उतरवायला सांगितलं होतं म्हणून रोज पळतो, म्हणाला. त्यांची सहा वर्षांची मुलगी, जाई, जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. काका खिडकीशी खुर्चीवर बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात, हात गुडघ्यांवर. मधुवंतीला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. कार्यालयाबाहेर ताटकळलेल्या माणसाला साहेब येताना दिसावा तसा.

स्मिताने चहा आणला. ती शस्त्रक्रियेच्या तयारीबद्दल बोलत राहिली. मंगळवारी सीटी स्कॅन, सोमवारी दाखल व्हायचं, अभयची आई असती तर तिने जाईला सांभाळलं असतं. मधुवंती मान डोलवत होती आणि सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होती. तिने घड्याळ लावलं. एक मिनिट. तीन. पाच. बटण हललं नाही.

काकांनी कप ओठांशी नेला. चहा वाफाळता होता. वाफ त्यांच्या नाकासमोरून सरळ वर गेली, खिडकीत ठेवलेल्या कपावरून जाते तशी.

"आजोबा पुतळा-पुतळा खेळतात," जाई चित्रातून मान वर न काढता म्हणाली. "तेच always win करतात."

काकांनी खिशातली छोटी वही काढली. वळणदार, कारकुनी अक्षरात लिहिलं आणि वही मधुवंतीपुढे धरली.

घेऊ का?

अभयने वाकून वाचलं. "चहाबद्दल विचारत असतील," तो म्हणाला. "बाबा, घ्या की."

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मधुवंतीकडे बघत होते.

शब्द तिच्या तोंडात होता. बारा वर्षांत तो किती हजार वेळा म्हटला असेल, याचा हिशेबही नव्हता. आणि तो म्हटला की काय होईल, ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की अकरा मिनिटांत आठ मिलिमीटर कमी झाले होते. समोर अभय उभा होता. नऊ दिवसांनी त्याचं पोट उघडून साठ टक्के लिव्हर काढून घेणार होते. खाली त्याची मुलगी समुद्र रंगवत होती. रेघ पाचवर होती. आज माप घेतलं तर गाठ कुठे असेल?

"काका," मधुवंती म्हणाली, "अजून थोडं थांबा."

काकांनी मान डोलावली, वही मिटली आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

मंगळवारच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ एकवीस मिलिमीटर भरली. डॉक्टर गोह यांनी पेशंटचं नाव, जन्मतारीख, रहिवासी पासचा नंबर सगळं पुन्हा तपासून घेतलं. माणूस तोच होता. गाठ आपोआप आटण्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, असं त्या बैठकीत म्हणाल्या. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. अभयने मधुवंतीला फोन केला. नुसता रडत राहिला. ती ऐकत राहिली.

मंगळवार, ८ एप्रिलला पुन्हा एमआरआय झाला. मधुवंती मुद्दाम रजेवर होती. यंत्र सितीने चालवलं, इंग्रजी आवाजावर. काकांनी या वेळी कशालाही उत्तर दिलं नाही, पण चित्रं स्थिर आली. गाठ नव्हती. जिथे होती तिथे काही म्हणता काही नव्हतं.

सितीने दुसऱ्या दिवशी मधुवंतीला एक चित्र दाखवलं. औषध देण्याआधी, पहिलंच घेतलेलं. या औषधाचा शरीरात एका दिवसानंतर मागमूसही राहत नाही. चित्रात लिव्हर राखाडी दिसायला हवं होतं. ते पांढरंशुभ्र होतं, ४ मार्चला दहा एकतीसला होतं तसंच, त्याच छटेचं.

"पाच आठवडे झाले," सिती म्हणाली. "हे बाहेर का नाही पडलं?"



त्या रात्री नव्हे, पण पुढच्या दोन दिवसांत तिने ठरवलं. गाठ गेली होती. अभयचं पोट कापलं जाणार नव्हतं. आता त्या माणसाला तसं बसवून ठेवायला कारण उरलं नव्हतं. स्मिताने फोनवर सांगितलं होतं की बाबांनी खाणं सोडलंय, पाणीही नको म्हणतात, आणि वजन मात्र एक ग्रॅमनेही कमी होत नाही. नखं कापावी लागत नाहीत.

शनिवार, १२ एप्रिल. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तीच खुर्ची, तीच खिडकी. तिने या वेळी अभय आणि स्मिताला सगळं सांगितलं. एकतीस, बेचाळीस, ती बाई, पट्टा.  अभय म्हणाला, "तुम्ही त्या रविवारी सांगितलं असतंत तर?"

"तर कदाचित गाठ तशीच राहिली असती."

"कदाचित," अभय म्हणाला. "बरं. आता सांगा त्यांना."

ती काकांसमोर बसली.

"काका, घ्या श्वास."

सदऱ्याचं बटण हललं. हवा आत जाताना बारीक आवाज झाला. स्मिताने तोंडावर हात ठेवला. छाती वर आली, आणखी वर आली, खांदे उचलले गेले. हवा आत जातच राहिली. काकांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. डोळे मधुवंतीवर होते, विचारणारे.

"सोडा," ती घाईने म्हणाली.

त्यांनी सोडला.

आणि थांबले.

दहा सेकंद. वीस. या वेळी ओठ निळे पडू लागले.

"घ्या," ती म्हणाली. छाती वर आली. "सोडा."

अभयने काकांचे खांदे धरले. "बाबा, मी सांगतो, घ्या श्वास. बाबा." छाती हलली नाही. स्मिताने सांगून पाहिलं. मधुवंतीच्या फोनवर तिचाच आवाज रेकॉर्ड करून लावला. काकांनी फोनकडे पाहिलं आणि पुन्हा तिच्याकडे.

"घ्या. सोडा."

चार एकोणतीसला अँब्युलन्स आली. ती लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर होती, गाडीतही. "घ्या. सोडा."

अतिदक्षता विभागात त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. यंत्र हवा ढकलत होतं. छाती ती घेत नव्हती. धोक्याची घंटा थांबेना. दोन डॉक्टरांनी नळी तपासली, यंत्र बदललं. शेवटी एका नर्सने पलंगाशेजारी खुर्ची आणून ठेवली आणि मधुवंतीला बसायला सांगितलं.

सोमवार, १४ एप्रिल. पलंगाच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर पेशंटचे दर मिनिटाचे श्वास लिहिले आहेत. सकाळी सहाला बारा. आठला अकरा. दहाला नऊ. दुपारी एकला सात.

घशाच्या डॉक्टरांना बोलावलं आहे. ते मधुवंतीसाठी.